जुन्या संगणकाला माणूस हवा

तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क. आमच्या ग्रंथालयाच्या अभ्यासिकेतले संगणक आले तेव्हा असे होते. एका बँकेनं शाखेतली यंत्रं बदलली तेव्हा जुनी आम्हाला मिळाली. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं आमचं तालुक्याचं गाव. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून मुलंमुली सकाळच्या पहिल्या एसटीनं अभ्यासिकेत येतात आणि संध्याकाळच्या मुक्कामी गाडीनं परततात. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, रेल्वे, बँक, जी जाहिरात निघेल तिचा अर्ज भरतात. बहुतेकांच्या घरी संगणक नाही. मोबाइल प्रत्येकाकडं आहे, पण मोबाइलवर मोठा अर्ज भरताना ओटीपी बघायला दुसरीकडं गेलं की पान नव्यानं उघडतं आणि भरलेलं सगळं जातं. त्यामुळं हे संगणक दिवसभर चालू असतात आणि मुलं नंबर लावून थांबलेली असतात.

विंडोज १०चे अपडेट बंद व्हायची वेळ आली तेव्हा दुरुस्तीला येणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, यात अकरा बसत नाही. भंगारात काढा, नवीनच घ्या.” त्याची माहिती बरोबर होती. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबवले. घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष सुरक्षेपुरते अपडेट घ्यायची सोय ठेवली, पण तीही संपणारीच. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, म्हणजे ढोबळमानानं २०१७-१८नंतरचं यंत्र. आमची त्याच्या बरीच आधीची आहेत.

पण या यंत्रांत बिघाड काहीच नाही. कळफलक चालतो, पडदा स्वच्छ आहे, प्रोसेसरला अर्ज भरणं, पीडीएफ वाचणं, व्याख्यान बघणं ही कामं आजही सहज झेपतात. कुणीतरी अपडेट द्यायचं थांबवलं एवढ्यावरून ती भंगारात टाकायची, हे मला पटलं नाही. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला एक चतुर्थांशसुद्धा रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी काढलेला अहवाल सांगतो. विंडोज १० थांबल्यामुळं २४ कोटींच्या आसपास संगणक अडगळीत जातील, असा कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेचा अंदाज होता. आमची यंत्रं त्या ढिगात जाऊ नयेत एवढं तर आमच्या हातात होतं.

गावात याला आणखी एक रस्ता आहे आणि तो सगळ्यांना माहीत आहे. थोडे पैसे दिले की कुणीही विंडोज ‘टाकून’ देतो. परवाना नाही, क्रॅक मारलेलं, सोबत चोरीचा अँटिव्हायरस. शाळा, पतसंस्था, सेवा केंद्रं, सगळीकडं हे सर्रास चालतं. मला ते मान्य नाही. सार्वजनिक ग्रंथालय सरकारी अनुदानावर आणि लोकांच्या वर्गणीवर चालतं, तिथं चोरीचं सॉफ्टवेअर असता कामा नये. शिवाय क्रॅकच्या फाइलबरोबर यंत्रात आणखी काय शिरलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि त्याच यंत्रावर आमच्या मुली आपलं आधार कार्ड उघडतात.

म्हणून आम्ही विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली बसवली. लायनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१मध्ये सुरू केलेलं हे काम आज जगातल्या बहुतेक सर्व्हरांत आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे. टेबलावरच्या संगणकासाठी त्याची अनेक रूपं मिळतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात, आणि त्यातली काही जुन्या यंत्रांसाठी मुद्दाम हलकी ठेवलेली असतात.

हलकी म्हणजे किती हलकी, यावर लिनक्सवाल्यांमध्ये पुष्कळ वाद चालतो. अँटीएक्स सुरू झाल्या झाल्या फारच थोडी रॅम घेतं. लुबुंटू त्याहून जास्त घेतं, पण तरी हलकंच. मिंटचं एक्सएफसीई रूप आणखी थोडं जड. आकडे बघून माणूस सगळ्यात हलकं ते उचलतो. माझं मत वेगळं आहे. मुलं संगणकावर बसली की पहिली गोष्ट ब्राउझर उघडतात. भरतीचं संकेतस्थळ, यूट्यूब, जीमेल अशी तीन-चार पानं उघडली की ब्राउझर एकटाच दीड-दोन जीबी घेतो. त्यापुढं डेस्कटॉपनं वाचवलेल्या तीन-चारशे एमबीला फारसा अर्थ उरत नाही. चार जीबीच्या यंत्रावर प्रश्न निराळे असतात. नव्यानं बसलेल्या मुलाला न विचारता फाइल सापडते का? पुढची काही वर्षं अपडेट येणार का? आणि अडलं तर उत्तर कुठं मिळतं का?

या तिन्ही प्रश्नांना मिंट एक्सएफसीई उतरलं. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. विंडोज ७वर हात बसलेल्या कुणालाही ते परकं वाटत नाही. एक्सएफसीई हा डेस्कटॉप ऑलिव्हिए फोर्डाँ या प्रोग्रॅमरनं १९९६मध्ये सुरू केला. मधल्या काळात त्याच्या चेहऱ्यात उगाच उलथापालथ झाली नाही, आणि अभ्यासिकेसाठी हा मोठाच गुण आहे. मिंटची २२वी आवृत्ती जुलै २०२४मध्ये आली, ती उबुंटू २४.०४वर उभी आहे आणि तिला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. दोन जीबी रॅमवर ती चालते, चार असतील तर नीट चालते. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स २००७पासून आहे, आपल्या देशाचं आहे, त्याचाही विचार केला. पण अडचण आली की ती आधी कुणाला तरी आलेली असते आणि उत्तर लिहून ठेवलेलं असतं, हा मिंट-उबुंटूचा फायदा मला लहान गावात फार मोलाचा वाटला. दोन जीबीचं जुनं नेटबुक कुणाकडं असेल तर त्यानं अँटीएक्स जरूर बघावं. ३२ बिटच्या यंत्रांवर मात्र आता वेळ घालवू नये. मिंटनं २०२०च्या विसाव्या आवृत्तीपासून आणि डेबियननं २०२५च्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं आहे.

एक खर्च मात्र करावाच लागतो. फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी घालायची. जुना संगणक हळू चालतो त्यात निम्म्याहून अधिक दोष त्या फिरत्या तबकडीचा असतो. कुठलंही लिनक्स घाला, तबकडी तीच राहिली तर ब्राउझर उघडायला वेळ लागणारच. आमच्या यंत्रांना १२८-२५६ जीबीची साधी साटा एसएसडी पुरली, कारण मुलं इथं काही साठवून ठेवत नाहीत. चार स्क्रू आणि दोन वायरी, एवढंच काम असतं.

प्रत्यक्ष बसवणं लोकांना वाटतं त्याहून फार सोपं आहे. मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास असते. ती रूफस किंवा व्हेंटॉयसारख्या साधनानं आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवायची. यंत्र सुरू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप दाबायचं, प्रत्येक कंपनीची कळ वेगळी असते, आणि पेन ड्राइव्हवरून संगणक उघडायचा. इथं थांबायचं. लगेच ‘इन्स्टॉल’ दाबायचं नाही. पेन ड्राइव्हवरूनच अख्खं मिंट चालून दिसतं आणि जुन्या डिस्कला अजून धक्काही लागलेला नसतो. याच वेळी वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर दिसतोय का, मराठी नीट उमटतंय का, हे बघून घ्यायचं. काही वायफाय चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो, तो मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर शोधून देतो, पण त्यासाठी तेवढा वेळ केबल लावावी लागते किंवा मोबाइलचं इंटरनेट यूएसबीवरून द्यावं लागतं. सगळं जुळलं आणि जुना मजकूर दुसरीकडं काढून झाला, की मग इन्स्टॉल. भाषा, कळफलक, डिस्क, नाव, पासवर्ड असे मोजके प्रश्न येतात आणि एसएसडीवर चहा होईपर्यंत काम उरकतं. शेवटी टाइमशिफ्ट चालू करायचं, म्हणजे पुढं कुठल्या अपडेटनं घोटाळा झाला तर यंत्र आदल्या दिवशीच्या अवस्थेत परत नेता येतं.

आता मराठीबद्दल. कारण लिनक्स म्हटलं की आमच्या संचालक मंडळात पहिला प्रश्न आला तो हाच, “मराठी टाइप होणार का?”

होतं, आणि चांगलं होतं. कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्टची मांडणी आधीपासून असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. इंग्रजी आणि मराठी दोन्ही ठेवायच्या आणि बदलायला एक कळजोडी ठरवून द्यायची. आम्ही सगळ्या यंत्रांवर एकच ठेवली आहे. ज्यांना रोमन अक्षरांवरून मराठी लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी आयबस नावाची सोय आहे. तरी मी नव्या मुलांना इन्स्क्रिप्टच शिकवते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, अशी त्याची मांडणी विचार करून केलेली आहे, भारतीय मानक आहे, आणि विंडोज, लिनक्स, मोबाइल कुठंही गेलं तरी ते तेच राहतं. यंत्र तयार झालं की मी प्रत्येकावर चार शब्द टाइप करून बघते: ‘दुसऱ्या’, ‘ॲड.’, ‘तऱ्हा’, ‘वाङ्मय’. हे चार नीट उमटले की बाकीचं मराठी बिनघोर.

इथं एक बारकी गोष्ट आहे, ती बहुतेक ठिकाणी राहून जाते. मिंटसोबत येणाऱ्या लिबरऑफिसमध्ये नवीन पान उघडलं आणि मराठी लिहिलं, तर ‘ल’ आणि ‘श’ पुष्कळदा हिंदी वळणाचे दिसतात. लोक म्हणतात, लिनक्सचे फॉन्ट हिंदी आहेत. तसं नाही. ज्याच्यावर पुण्यात बरंच काम झालं तो लोहित फॉन्ट किंवा गुगलचा नोटो, यांच्यात मराठी वळणाची अक्षरं घातलेली आहेत. पण मजकूर मराठी आहे हे कुणीतरी त्या फॉन्टला सांगावं लागतं. लिबरऑफिसच्या पर्यायांत भाषेच्या विभागात जाऊन जटिल लिप्यांसाठी हिंदीच्या जागी मराठी निवडलं की त्याच क्षणी अख्ख्या पानावरचे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे होतात. पहिली-दुसरीत पाटीवर गिरवलेली अक्षरं ती हीच. मी हे मुलांना करून दाखवते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आपली अक्षरं वेगळी आहेत, हे कित्येकांना तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइली हे मात्र खरं दुखणं आहे. आमच्या ग्रंथालयाची जुनी स्मरणिका, कित्येक वर्षांचे वार्षिक अहवाल, ग्रंथयादी, हे सगळं छापखान्यातून तसल्या फाइलींमध्ये आलेलं. ती फाइल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा चिखल दिसतो. फॉन्टची फाइल हाताशी असेल तर ती घालून मजकूर वाचता येतो, पण त्यात शोधता येत नाही, आणि तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर पुन्हा तोच चिखल. रूपांतर करणारी साधनं आहेत, त्यातून काढून मजकूर नजरेखालून घालावा लागतो. हे काम विंडोजवर राहिलो असतो तरी करावंच लागलं असतं. प्रत्येक ग्रंथालयानं ते आजच सुरू करावं, कारण त्या फॉन्टांची माहिती असलेली डीटीपीवाली पिढी आता निवृत्त होत आली आहे.

अभ्यासिकेच्या संगणकाचा दुसरा मोठा प्रश्न खासगीपणाचा. कुठल्याही सायबर कॅफेत जा आणि डाउनलोड्सचं फोल्डर उघडा. कुणाचं आधार, कुणाचा जातीचा दाखला, कुणाचं नॉन-क्रिमिलेयर, कुणाचं बँकेचं पासबुक. मुलं अर्ज भरून बस पकडायला पळतात आणि आपली कागदपत्रं मागं ठेवून जातात. मिंटच्या लॉगिनच्या सेटिंगमध्ये ‘पाहुणा’ म्हणून आत जायची परवानगी देता येते. पाहुणा म्हणून बसलं, काम केलं, बाहेर पडलं की त्या बसण्यातलं सगळं पुसलं जातं: फाइली, इतिहास, पासवर्ड, सगळं. पुढच्या मुलीला कोरं यंत्र मिळतं. पाहुण्यासाठी कळफलक, ब्राउझर, चिन्हं कशी असावीत याचा एक साचा एकदाच तयार करून ठेवता येतो. माझ्या दृष्टीनं एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा अभ्यासिकांनी लिनक्स वापरावं. तिथं येणाऱ्या मुलींचे फोटो आणि पत्ते कुणाच्याही हाती लागू नयेत, ही आमची जबाबदारी आहे.

आणि फोटोवरून आठवलं. “मॅडम, फोटो घेतच नाही, मोठा आहे म्हणतोय,” हे वाक्य भरतीच्या दिवसांत सतत कानावर पडतं. कुठल्या अर्जात फोटो पन्नास केबीच्या आत लागतो, कुठल्या अर्जात सही वीस केबीच्या आत. मोबाइलवर काढलेला फोटो तीन-चार एमबीचा. मग मुलं इंटरनेटवर ‘फोटो लहान करा’ म्हणणाऱ्या कुठल्या तरी संकेतस्थळावर आपला फोटो आणि सही दोन्ही चढवतात. सही! एक्सएफसीईच्या फाइल मॅनेजरमध्ये, त्याचं नाव थुनार, स्वतःच्या कृती घालायची सोय आहे. इमेजमॅजिक नावाचा एक मोफत प्रोग्रॅम बसवला आणि थुनारमध्ये त्याची एक ओळीची आज्ञा लिहून दिली. आता फोटोवर उजवं बटण दाबलं की मेनूत ‘अर्जासाठी फोटो’ आणि ‘अर्जासाठी सही’ असे दोन मराठी पर्याय दिसतात. दाबलं की शेजारी ठरलेल्या आकाराची नवी फाइल तयार. इंटरनेट नाही, जाहिराती नाहीत, सही बाहेर कुठं जात नाही. ही आज्ञा आमच्याकडं काम करणाऱ्या एका मुलानं शोधली आणि बसवली. तो आयटीआयमधून कोपा हा संगणकाचा ट्रेड झालेला, अर्धवेळ यायचा.

त्याच्याबद्दल मुद्दाम लिहायला हवं, कारण माझा खरा मुद्दा तोच आहे.

हा मुलगा होता तोवर संगणकांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. सोमवारी दुपारी, इन्व्हर्टर भरलेला आहे हे बघून, तो सगळ्या यंत्रांचे अपडेट करून घ्यायचा. अपडेट चालू असताना वीज गेली तर काय करायचं ती आज्ञा त्यानं कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. मग त्याला चाकणला कंपनीत नोकरी लागली आणि तो गेला. त्याच सुमारास घरच्या आजारपणामुळं मी रजेवर होते. एक दिवस छपाईच्या मध्येच प्रिंटरमधला कागद संपला. लिनक्सनं त्या प्रिंटरची रांग थांबवून ठेवली. कागद भरला तरी छापून येईना. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘चालू’ची एक खूण करायची होती, बस. ती कुणाला माहीत नव्हती. मुलं प्रिंट काढायला बाजारात जाऊ लागली, पानाला दहा-दहा रुपये देऊ लागली. मी परत आले तोवर संचालक मंडळाच्या बैठकीत विषय आला होता: लिनक्स काढून टाका, आधीचंच बरं होतं.

यात मंडळाचा दोष नाही. विंडोजवर प्रिंटर अडला तर गल्लीत सांगायला दहा जण असतात. लिनक्सवर अडला तर तालुक्यात एक. यंत्र तितकंच चांगलं, प्रोग्रॅम तितकाच चांगला, पण शेजारी जाणतं माणूस नसेल तर लोकांना ते वाईटच वाटणार. आपल्याकडं लिनक्सचे प्रयोग बसतात ते इथं. कुणी उत्साही माणूस येतो, शाळेत किंवा ग्रंथालयात सगळं बसवून देतो, फोटो निघतो, माणूस जातो आणि वर्षाच्या आत सगळं पूर्वपदावर येतं.

केरळात असं झालं नाही. तिथल्या शिक्षण खात्यानं २००१मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प सुरू केला आणि पुढं सरकारी व अनुदानित शाळा लिनक्सवर नेल्या. २०१७मध्ये त्याच प्रकल्पाची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली. शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती ते आजही काढतात. पण त्यांच्या यशाचं श्रेय मी त्या आवृत्तीला देत नाही. त्यांनी हजारो शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, पाठ्यपुस्तकं त्याच सॉफ्टवेअरवर लिहिली, आणि २०१८पासून हायस्कुलांत ‘लिटल काइट्स’ नावाचे विद्यार्थ्यांचे गट उभे केले. ही मुलं आपल्या शाळेतली यंत्रं सांभाळायला शिकतात. प्रिंटर थांबला तर तिथं वर्गातलीच एखादी नववीची मुलगी तो सुरू करू शकते.

आपल्याकडं महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा आहे आणि राज्यात दहा हजारांहून जास्त अनुदानित ग्रंथालयं आहेत. संगणकांसाठी पैसा येतो तो आमदार निधीतून, देणगीतून, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून. तो जवळजवळ सगळा यंत्रांवर खर्च होतो, कारण यंत्राचं बिल दाखवता येतं, त्यावर देणगीदाराचं नाव रंगवता येतं. सांभाळणाऱ्या माणसासाठी त्यात एक रुपया नसतो. माझी मागणी अगदी साधी आहे. एका तालुक्यातल्या ग्रंथालयांसाठी मिळून एक जाणता माणूस द्या. आठवड्याला एक चक्कर, फोनवर मदत, आणि ग्रंथालय सेवकांना वर्षातून एकदा प्रशिक्षण, एवढं पुरे. कोपा झालेली मुलंमुली प्रत्येक तालुक्यात आहेत आणि काम शोधत आहेत. २०२४मध्ये राज्यानं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली तेव्हा आयटीआय झालेल्यांना महिना ८,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. म्हणजे माणसासाठी पैसा उभा करता येतो, सरकारनं तो करून दाखवला आहे. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारं धोरण २०१५पासून आहे, आणि संरक्षण मंत्रालयानं २०२३मध्ये आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली स्वीकारली. दिल्लीत जे चालतं ते आमच्या अभ्यासिकेत चालायला हरकत नसावी.

सगळीच कामं लिनक्सवर होतात असा माझा दावा नाही. ग्रंथालयाचे हिशेब लेखापरीक्षक टॅलीत मागतात आणि टॅली विंडोजसाठीच बनवलेलं आहे. डिजिटल सहीचं डोंगल लिनक्सवर चालवता येतं, पण त्यासाठी जी खटपट लागते ती कामाच्या घाईत परवडत नाही. काही छोट्या लेझर प्रिंटरांचे ड्रायव्हर कायम त्रास देतात. एचपीचे बहुतेक प्रिंटर सुरळीत चालतात, म्हणून नवा घेताना हे आधी तपासावं. कोरलड्रॉवर आयुष्य गेलेल्या डीटीपीवाल्याला इंकस्केपवर या असं मी म्हणणार नाही. कार्यालयातला एक संगणक आम्ही परवान्याच्या विंडोजवर ठेवला आहे आणि तो ठेवावा असंच माझं मत आहे. ग्रंथालयाचा कारभार संगणकावर न्यायचा असेल तर न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयानं घडवून घेतलेली, २०००पासून वापरात असलेली कोहा ही मोफत प्रणाली डेबियनवरच उत्तम चालते. ते आमचं पुढचं काम आहे.

आमच्या मंडळानं लिनक्स काढलं नाही. प्रिंटरची रांग सगळ्यांसमोर सुरू करून दाखवली, आणि अभ्यासिकेतल्याच तिघा-चौघांना, त्यात दोन मुली, मी ते सगळं शिकवलं जे तो मुलगा करायचा. सोमवारचे अपडेट आता त्या दोघी करतात. पण त्यांचीही कधीतरी निवड होईल, व्हायलाच हवी, आणि त्याही जातील. म्हणून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना मी पत्र दिलं आहे. ग्रंथालयांकडून वार्षिक अहवाल मागवताना संगणक किती एवढंच विचारू नये. त्यातले चालू किती, अपडेट मिळत असलेले किती आणि ते सांभाळणाऱ्याचं नाव काय, हेही विचारावं. पत्राची प्रत मी तालुक्यातल्या इतर ग्रंथपालांनाही पाठवली आहे.